काय गाळायचे, हे आधी ठरवा

करमणुकीचे उद्यान म्हटले की महाराष्ट्रातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक दिवस उभा राहतो. पहाटे डबे भरायचे, गोराईच्या एस्सेलवर्ल्डची नाहीतर खोपोलीजवळच्या इमॅजिकाची वाट धरायची, तिकीट काढून आत शिरायचे, जमेल तेवढ्या राइड्समध्ये बसायचे आणि अंधार पडल्यावर पेंगुळलेली मुले खांद्यावर टाकून घरी यायचे. एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले, इमॅजिका २०१३ मध्ये. दोन पिढ्यांच्या मनात हे चित्र पक्के बसले आहे, आणि त्या जागांपुरते ते बरोबरही आहे. अडचण येते ती हेच चित्र घेऊन फ्लोरिडात ओरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला गेल्यावर. मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला आलेले आईवडील, सहलीच्या गटाबरोबर पूर्व किनारा पाहणारी मंडळी, तिथेच नोकरी करणारे आणि जोडून सुट्टी घेऊन आलेले तरुण कुटुंब, या सगळ्यांच्या हाती बहुधा दोन दिवस असतात, फार तर तीन. हे पुस्तक त्या दोन-तीन दिवसांसाठी लिहिले आहे. त्यात राइड्सची वर्णने आहेत, नकाशे आहेत, खाण्यापिण्याची माहिती आहे, पण या सगळ्याखाली एकच म्हणणे आहे. पहिल्या छोट्या भेटीत काय पाहायचे याच्या आधी काय गाळायचे हे ठरवावे लागते, आणि ते विमानात बसण्यापूर्वी, घरी, सगळ्यांनी मिळून ठरवावे लागते.

हे म्हणणे पटायला त्या जागेचा जन्म समजून घ्यावा लागेल. वॉल्ट डिस्नेने १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात अनाहाइम इथे डिस्नेलँड उघडले, ते सुमारे १६० एकर जागेवर. ते चालले, तुफान चालले, आणि बघता बघता त्याच्या कुंपणाला लागून मोटेल, खाणावळी आणि दुकाने उगवली. पाहुणा दिवसभर उद्यानात रमायचा, पण झोपायला आणि जेवायला बाहेर जायचा. बाहेरच्या त्या जगावर डिस्नेचा काही ताबा नव्हता. पुढच्या वेळी ही चूक करायची नाही असे त्याने ठरवले. १९६४-६५ च्या सुमारास निरनिराळ्या कंपन्यांच्या नावांनी, गाजावाजा होऊ न देता, मध्य फ्लोरिडातली दलदलीची आणि कुरणांची सुमारे २७ हजार एकर जमीन विकत घेतली गेली. हे क्षेत्र जवळपास ११० चौरस किलोमीटर भरते. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची जुनी मुंबई त्यात दीड वेळा मावेल. १५ डिसेंबर १९६६ रोजी वॉल्ट गेला. थोरला भाऊ रॉय निवृत्तीच्या उंबरठ्यावर होता. त्याने निवृत्ती लांबवली, काम तडीस नेले, नावात धाकट्या भावाचे पूर्ण नाव राहील असा आग्रह धरला आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी दरवाजे उघडले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तोही गेला. उघडतानाच तिथे एका उद्यानाबरोबर दोन मोठी हॉटेले होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ही जागा पहिल्या दिवसापासून मुक्कामासाठी बांधलेली आहे.

पुढे १९८२ मध्ये एपकॉट आले, १९८९ मध्ये आज हॉलिवूड स्टुडिओज म्हणून ओळखले जाणारे तिसरे उद्यान, आणि १९९८ मध्ये अ‍ॅनिमल किंगडम. शिवाय पाण्याची दोन उद्याने, हॉटेलांची रांग, दुकानांचा एक मोठा परिसर. प्रत्येक भरीमागचा व्यापारी हिशेब सरळ होता: पाहुण्याचा मुक्काम आणखी एका दिवसाने वाढावा. तिकिटाची रचनाही त्याच दिशेने झुकलेली आहे. एका दिवसाचे तिकीट सर्वांत महाग पडते, आणि दिवस वाढतील तसा दर दिवसाचा भाव उतरत जातो. बसून जेवायच्या हॉटेलांची टेबले ६० दिवस आधी राखता येतात. रांग टाळण्याचे विकतचे पास रिसॉर्टमध्ये राहणाऱ्याला सात दिवस आधी निवडता येतात, बाहेर राहणाऱ्याला तीन दिवस आधी. रिसॉर्टमधल्या पाहुण्याला चारही उद्यानांत रोज अर्धा तास लवकर सोडतात. हे सारे आठवडाभर राहणाऱ्याला धरून आखलेले आहे. दोन दिवसांसाठी आलेला माणूस या जागेच्या चालीविरुद्ध चालत असतो, आणि तरीही त्याला चांगला दिवस मिळू शकतो. मात्र त्याने आठवडेकऱ्याचा बेत लहान करून वापरला तर तो मिळत नाही. त्याचा बेतच वेगळा असावा लागतो.

अंतराचेच पाहा. मॅजिक किंगडम या सर्वांत जुन्या उद्यानाला स्वतःचा वाहनतळच नाही. गाडी घेऊन आलेला पाहुणा एका मोठ्या कृत्रिम तळ्याच्या अलीकडे गाडी लावतो, तपासणीतून जातो आणि मग मोनोरेलने किंवा फेरीबोटीने तळे ओलांडून दाराशी पोहोचतो. यामागे सुंदर कल्पना आहे. रोजचे जग मागे टाकल्याची जाणीव व्हावी, पाण्यापलीकडे १८९ फुटांचा सिंड्रेलाचा किल्ला हळूहळू मोठा होत जावा, अशी ती योजना. आठवडाभर राहणाऱ्याला हा प्रवास म्हणजे सुखाचा भाग. दोन दिवसांच्या पाहुण्याने मात्र गाडी थांबल्यापासून पहिल्या राइडपर्यंत पाऊण तास ते एक तास धरूनच निघायला हवे. एका उद्यानातून दुसऱ्या उद्यानात जायचे, तर बसची वाट पाहण्यासकट पुन्हा तेवढाच वेळ. एका दिवसात दोन उद्याने करण्यासाठी जास्तीचे पैसे भरून मिळणारे तिकीट नवख्याला फार मोहवते. त्या तिकिटाने तो खरे तर दिवसाचे दोन तास रस्त्याला विकत असतो. पहिल्या भेटीत एका दिवशी एकच उद्यान, हा या पुस्तकातला पहिला गाळण्याचा नियम आहे, आणि त्याला मी अपवाद ठेवलेला नाही.

आता रांगेकडे वळू, कारण खरी टंचाई तिथे आहे. १९७१ मध्ये मोठ्या माणसाला नुसत्या प्रवेशाचे साडेतीन डॉलर पडत. आतल्या राइड्ससाठी कुपनांची पुस्तिका घ्यावी लागे. कुपने ‘ए’ पासून ‘ई’ पर्यंत असत: ‘ए’ म्हणजे किरकोळ गोष्ट, ‘ई’ म्हणजे सर्वांत भारी राइड. पुस्तिकेत ‘ई’ कुपने मोजकीच असत, त्यामुळे प्रत्येक कुटुंबाला बाकावर बसून विचार करावाच लागे की ही मोजकी कुपने खर्चायची कशावर. १९८२ च्या सुमारास ही पद्धत बंद झाली आणि एकाच तिकिटात सर्व काही मोकळे झाले. पाहुण्याला वाटले बंधन सुटले. खरे तर बंधन पैशातून उठून वेळात जाऊन बसले. आधी निवड करायला कुपन भाग पाडत होते, आता रांग भाग पाडते. फरक एवढाच की कुपन हातात दिसत होते आणि वेळ दिसत नाही. १९९९ मध्ये ठरल्या वेळी येऊन बसण्याची मोफत सोय आली, २०१४ पर्यंत ती मनगटपट्ट्यावर आणि फोनवर गेली, २०२१ मध्ये तिची जागा विकतच्या सोयीने घेतली आणि २०२४ मध्ये तिचे नाव आणि नियम पुन्हा बदलले. या चाळीस वर्षांतला प्रत्येक फेरफार एकाच प्रश्नाशी झुंजत आला आहे: मर्यादित जागा अमर्याद इच्छांमध्ये वाटायची कशी?

ही मर्यादा किती कठोर आहे ते साध्या गुणाकाराने कळते. थीम पार्क उद्योगाच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये एकट्या मॅजिक किंगडमला सुमारे २ कोटी ९ लाख भेटी झाल्या. म्हणजे रोज सरासरी ५७ हजार माणसे. समजा एखादी लोकप्रिय राइड ताशी हजार माणसे नेते आणि बारा तास अखंड चालते. दिवसाअखेर त्यात १२ हजार माणसे बसून झाली असतील. साधारण पाचातल्या एकालाच ती मिळाली. बाकीच्या चौघांनी कितीही धावपळ केली असती तरी त्या दिवशी तिथे त्यांच्यासाठी जागा नव्हती. तेव्हा ‘सगळे पाहू’ हा बेत आळसामुळे किंवा गैरव्यवस्थेमुळे फसत नाही. तो अंकगणितातच बसत नाही. सगळ्या राइड्स मात्र सारख्या नाहीत. ‘हाँटेड मॅन्शन’मध्ये बसायच्या गाड्यांची साखळी न थांबता फिरत राहते, म्हणून बाहेर लांब दिसणारी रांगही सरकत असते. ‘पीटर पॅन्स फ्लाइट’मध्ये छताला टांगलेल्या छोट्या होड्यांत दोघे-तिघे बसतात, म्हणून तिथली आखूड रांगही खिळून उभी वाटते. रांगेची लांबी पाहून ठरवणारा नवखा इथे फसतो.

रांगेच्या शास्त्रात एक नियम आहे, १९६१ मध्ये जॉन लिटल या अमेरिकी संशोधकाने तो सिद्ध केला. साध्या भाषेत: रांगेतली माणसे भागिले ताशी आत जाणारी माणसे म्हणजे तुम्हाला थांबावे लागणारे तास. राइडचा वेग दिवसभर तोच राहतो, बदलते ती पुढे उभी असलेली माणसे. दार उघडते त्या क्षणी ती संख्या शून्याच्या जवळ असते. अकराच्या सुमारास उद्यान भरते, दुपारी रांग फुगते आणि रात्री मुलाबाळांची कुटुंबे पांगल्यावर ती पुन्हा ओसरते. म्हणजे सकाळचा एक तास आणि दुपारचा एक तास घड्याळात सारखे दिसले तरी त्यांचे मोल सारखे नाही. ज्या गोष्टींसाठी तुम्ही आलात त्यांपैकी दोन-तीन पहिल्या दीड-दोन तासांत उरकता येतात; त्याच दुपारी करायच्या तर प्रत्येकीला तेवढाच वेळ जाऊ शकतो. भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाला इथे एक नैसर्गिक मदत मिळते. पश्चिमेकडे प्रवास केल्यावर पहिले काही दिवस पहाटेच जाग येते. त्या जागेपणाचा उपयोग करा आणि दार उघडण्याच्या अर्धा तास आधी दाराशी असा. त्याची किंमतही आधी ओळखून ठेवा. रात्री नऊच्या आतषबाजीपर्यंत आजोबांचे डोळे उघडे राहतील असे गृहीत धरू नका.

मग गाळायचे काय? इथे मी माझे मत स्पष्ट सांगतो. पुढच्या प्रकरणांत त्याची कारणे तपशिलात येतील. एकच दिवस असेल आणि सोबत दहा वर्षांच्या आतली मुले असतील तर मॅजिक किंगडम, आणि बाकी तीन उद्याने मनातून पुसून टाका. दुसरा दिवस असेल तर तो मी अ‍ॅनिमल किंगडमला देईन. तिथे सकाळी पहिल्यांदा उघड्या ट्रकमधून सुमारे ११० एकरांच्या माळावरची सफारी करावी, कारण ऊन चढण्याआधी जनावरे हिंडतात. त्यानंतर ‘महाराजा जंगल ट्रेक’ ही पायवाट आहे. आनंदपूर नावाच्या कल्पित आशियाई गावातल्या पडक्या राजवाड्याच्या भिंतींआडून तिथे जिवंत वाघ दिसतात. हे गाव रचणाऱ्यांनी आपल्याकडच्या भिंती, रंग, पाट्या किती बारकाईने पाहिल्या आहेत हे मराठी वाचकाला इतरांपेक्षा जास्त कळेल. आणि तिथे चालायला रांग लागत नाही. छोट्या भेटीत अशा पायी पाहायच्या गोष्टींचे मोल फार मोठे असते. राइड्सच्या यादीत त्या येत नाहीत म्हणून त्या सुटतात.

सोबत मुले नसतील, फक्त साठीपुढची माणसे असतील, तर मी क्रम बदलीन आणि एपकॉट आधी घेईन. तिथे तळ्याभोवती अकरा देशांचे विभाग आहेत; भारताचा नाही, हे आधीच माहीत असलेले बरे. ती पूर्ण फेरी जवळपास दोन किलोमीटर भरते. पण वाटेत बाके आहेत, सावली आहे. ‘लिव्हिंग विथ द लँड’ ही १९८२ पासूनची संथ नौकाफेरी खऱ्याखुऱ्या हरितगृहांतून जाते. मातीशिवाय पाण्यावर वाढवलेल्या भाज्या, टांगून घेतलेली पिके आणि मत्स्यपालनाची टाकी शेतकरी घरातल्या माणसाला कोणत्याही धक्के देणाऱ्या राइडपेक्षा जास्त वेळ बोलते ठेवील. हॉलिवूड स्टुडिओज मी पहिल्या छोट्या भेटीतून गाळतो. स्टार वॉर्सच्या चित्रपटांवर वाढलेले कोणी घरात असेल तर त्याने माझे ऐकू नये. त्याच्यासाठी तेच पहिले उद्यान आहे. पाण्याची उद्याने, दुकानांचा परिसर, शेजारचे युनिव्हर्सल आणि तासाभराच्या अंतरावरचे केनेडी अंतराळ केंद्र यांपैकी काहीही या दोन दिवसांत कोंबू नये. अंतराळ केंद्र पाहायचेच असेल तर त्याला स्वतंत्र दिवस द्यावा, तेवढी त्याची योग्यता आहे.

यावर सर्वांत बळकट आक्षेप वडीलधाऱ्यांकडून येतो, आणि तो पैशाचा असला तरी नुसता पैशाचा नाही. ‘एवढ्या लांब आलो, व्हिसासाठी खेटे घातले, मुलांनी हौसेने तिकिटे काढली, पुन्हा येणे होईल न होईल, मग अर्धवट पाहून कसे परतायचे?’ ही भावना खरी आहे आणि तिला उडवून लावणारे सल्लागार मला पटत नाहीत. पण वरचा गुणाकार पुन्हा पाहा. ‘सगळे’ हा पर्याय कोणालाच उपलब्ध नाही. तिथे वर्षाचा पास काढून राहणाऱ्यालाही एका दिवसात तो मिळत नाही. उरतात दोनच पर्याय: ठरवून गाळणे किंवा नाइलाजाने सुटणे. पहिल्यात हवे ते हाती लागते, दुसऱ्यात जे सुटते तेच नेमके हवे असलेले निघते. पंढरीला जाणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. आषाढीला पदस्पर्शाच्या दर्शनबारीत तासन्‌तास उभे राहणे ज्याला शक्य नाही तो मुखदर्शन घेतो, तेही जमले नाही तर कळसाला हात जोडतो, आणि त्याची वारी अपुरी राहिली असे कोणी म्हणत नाही. आपल्या परंपरेने वेळ, ताकद आणि इच्छा यांचा मेळ घालणारी ही शहाणी सवलत फार पूर्वीच मान्य केली आहे.

आठवणीचे शास्त्रही याच बाजूने साक्ष देते. १९९३ मध्ये डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदा १४ अंशांच्या थंड पाण्यात ६० सेकंद हात ठेवायला सांगितले. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद, पण त्यापुढे आणखी ३० सेकंद, आणि त्या काळात पाणी हळूहळू अंशभर कोमट केलेले. मग विचारले, यांपैकी कोणता अनुभव पुन्हा घ्याल? बहुसंख्यांनी दुसरा, म्हणजे जास्त वेळ त्रासाचा, निवडला, कारण त्याचा शेवट बरा होता. अनुभव किती लांबला यापेक्षा त्याचा सर्वांत तीव्र क्षण आणि त्याचा शेवट मनात राहतो, असा याचा अर्थ लावला जातो. हा निष्कर्ष थंड पाण्याच्या वाटीतून सहलीवर आणताना सावधगिरी हवी, हे मी मान्य करतो; सहल हा एकसंध अनुभव नसतो. तरी दिशा स्पष्ट आहे. नऊ राइड्सपैकी सातवी कोणती होती हे पुढच्या दिवाळीत कोणाला आठवणार नाही. नातवाने वाघ पाहून आजीचा हात कसा घट्ट धरला हे आठवेल, आणि शेवटी सगळे चिडून, पाय ओढत, बसच्या रांगेत एकमेकांशी न बोलता उभे होते, तर तेही आठवेल. म्हणून दिवसाचा शेवट सकाळइतक्याच काळजीने आखावा. आतषबाजी संपताच हजारो माणसे एकदम मोनोरेलकडे लोटतात. त्या लोंढ्यात न शिरता मेन स्ट्रीट या तिथल्या मुख्य रस्त्याच्या कडेला बसून अर्धा तास किल्ल्याचे बदलते रंग पाहावेत आणि मग निघावे. हा अर्धा तास वाया गेला असे कोणालाही वाटणार नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: रांग टाळण्याचा पास विकत मिळतो, मग एवढा विचार कशाला? गर्दीच्या मोसमात, मॅजिक किंगडममध्ये, एकाच दिवसासाठी आलेल्या कुटुंबाने हा पास घ्यावा असे माझेही मत आहे. आठवडाभर राहणाऱ्यापेक्षा त्यालाच त्याचा उपयोग जास्त आहे. पण पास घेतल्याने निवड टळत नाही, उलट ती तीन दिवस आधी करावी लागते, कारण सुरुवातीला मोजक्याच राइड्स निवडता येतात आणि हव्या त्या वेळा भराभर संपतात. शिवाय मिळालेल्या वेळा पाळण्यासाठी उद्यानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या होतात, आणि घरातल्या एकाचा दिवस फोनच्या पडद्यातच जातो. पास हे गाळलेल्या यादीचे हत्यार आहे. न गाळलेल्या यादीवर तो वापरला तर पैसेही जातात आणि पायही.

तिसरा आक्षेप तरुणांचा: इतके आखले तर मजा कुठे उरते? याचे उत्तर थोडक्यात देता येते. बेत फक्त पहिल्या दोन तासांचा, दुपारच्या विसाव्याचा आणि शेवटच्या अर्ध्या तासाचा करायचा. मधला सगळा दिवस मोकळा सोडायचा. मिरवणूक दिसली तर थांबा, मुलाला कारंज्यात भिजायचे असेल तर भिजू द्या. ज्याने काहीच आखले नाही त्याला ही मोकळीक मिळत नाही, कारण तो दर वीस मिनिटांनी ‘आता कुठे?’ या प्रश्नावर घरच्यांशी वाद घालत असतो.

दुपारच्या विसाव्याबद्दल मात्र थोडे जास्त बोलायला हवे, कारण तिथे प्रचलित सल्ला आपल्या उपयोगाचा नाही. दुपारी हॉटेलवर जा, पोहा, झोपा आणि संध्याकाळी परत या, असे सगळे सांगतात. रिसॉर्टमध्ये आठवडाभर राहणाऱ्यासाठी ते उत्तम आहे. बाहेर राहणाऱ्या दोन दिवसांच्या पाहुण्याचे त्यात दोन-अडीच तास जाण्यायेण्यात संपतात. त्याने विसावा आतच शोधावा. ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’ हे फिरते नाट्यगृह १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक जत्रेसाठी बांधले होते. १९७५ पासून ते मॅजिक किंगडममध्ये आहे. थंड हवेत, खुर्चीवर बसून, सुमारे वीस मिनिटे, आणि रांग क्वचितच. अशा बसून पाहायच्या गोष्टी प्रत्येक उद्यानात आहेत. त्या सकाळी वाया घालवू नयेत, दुपारसाठी राखून ठेवाव्यात. जून ते सप्टेंबर या महिन्यांत तर याला पर्यायच नसतो. आपल्याकडचे आईवडील बहुधा याच काळात अमेरिकेत असतात. तेव्हा मध्य फ्लोरिडात पारा ३३ अंशांच्या आसपास असतो, हवा कोकणासारखी दमट, आणि दुपारी विजांसह पाऊस कोसळतो. विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड्स बंद करतात. एक गोष्ट चांगली आहे: तो पाऊस बहुधा तास-दीड तासात आवरतो आणि त्याला भिऊन बरीच गर्दी घरी जाते. रेनकोट घेऊन थांबलेल्याला त्यानंतरची संध्याकाळ मोकळी मिळते.

खाण्याचा प्रश्न शाकाहारी कुटुंबांना वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. मांसाहार नसलेले काही ना काही जवळपास प्रत्येक ठिकाणी मिळते आणि पाककृतीबद्दल विचारले तर सांगतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्वतःपुरते खाणे आत नेऊ देतात. फक्त काचेच्या बाटल्या आणि दारू चालत नाही. मुलीच्या घरून करून आणलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चटणी हे सगळे चालते. झटपट खाण्याच्या काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा पेला मागितला तर फुकट देतात. त्यामुळे ऐन दुपारच्या जेवणाच्या गर्दीत जो तास वाचतो, तो मी पैशाच्या बचतीपेक्षा मोठा मानतो.

मुलांची उंची घरीच मोजा. ही सूचना क्षुल्लक वाटते, पण रडारड इथेच होते. ‘सेव्हन ड्वॉर्फ्स माइन ट्रेन’ला ३८ इंच, ‘स्पेस माउंटन’ आणि ‘फ्लाइट ऑफ पॅसेज’ला ४४ इंच, ‘ट्रॉन’ला ४८ इंच उंची लागते, आणि दारावरचा कर्मचारी अर्ध्या इंचाचीही सूट देत नाही, द्यायलाही नको. तो पट्टा मुलाच्या सुरक्षिततेसाठी आहे. मूल बसू शकत नसेल तर एका पालकाने बसून यावे आणि दुसऱ्याने पुन्हा रांग न लावता जावे, अशी सोय आहे; ती दारावरच मागावी. नियम, वेळा आणि दर बदलत राहतात, काही भाग नव्या बांधकामासाठी बंदही असतात. तेव्हा या पुस्तकातला तपशील निघण्याच्या आठवड्यात अधिकृत संकेतस्थळावर पडताळून घ्यावा.

पहिले प्रकरण वाचायला घेण्यापूर्वी वाचकाला एक विनंती आहे. जाणाऱ्या प्रत्येकाला, आजीपासून सर्वांत धाकट्या नातवापर्यंत, एकेक चिठ्ठी द्या आणि त्यावर फक्त दोन गोष्टी लिहायला सांगा: कशाशिवाय परतायचे नाही, आणि काय सोडले तरी चालेल. सगळ्या चिठ्ठ्या जेवणाच्या टेबलावर एकत्र वाचा. आजीला पाळण्यात बसायचेच नाही आणि नातवाला आतषबाजीच्या आवाजाची भीती वाटते, हे तिथे कळू द्या, तिकडे पोहोचल्यावर नको. त्या चिठ्ठ्या या पानात ठेवून मग पुढे वाचा.